लेक विचारतेय, ‘तेव्हा नक्की काय झालं?’

कोल्हापुरातल्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

वय ४७. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. घरी पंच्याहत्तरीतली आई, बारावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. पत्नी मे २०२१ मध्ये कोरोनाने गेली, तेव्हा ती ३९ वर्षांची होती. घरात पहिला ताप यांना आला, तिसऱ्या दिवशी तिला. ‘त्या आठवड्यात मुलीलाही बारीक कणकण होती, पण ती एका दिवसात बरी झाली,’ असंही त्यांनी लिहिलंय. १४ मेला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, पत्नीला रुग्णालयात दाखल केलं. हे स्वतः पॉझिटिव्ह म्हणून घरीच एका खोलीत होते. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, सगळी धडपड फोनवरून. पाच इंजेक्शनं मिळाली, सहावं मिळालं नाही. दहाव्या दिवशी पहाटे फोन आला. शववाहिका रुग्णालयातून थेट पंचगंगा स्मशानभूमीत गेली, अग्नी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी दिला, थोरला भाऊ लांब उभा होता. रक्षाविसर्जनही भावानेच केलं. यांना तोंडही पाहायला मिळालं नाही. दोन महिन्यांनी, जुलैच्या पुरात, घरात पाणी शिरलं.

आता पाच वर्षं होत आली. काम नीट चालू आहे, हप्ते वेळेवर जातात. पण झोपेसाठी रोज दोन पेग लागतात. रात्री दोन-तीनला जाग येते आणि हे उठून झोपलेल्या मुलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघतात. त्या रुग्णालयावरून जावं लागू नये म्हणून लांबचा रस्ता धरतात. रुग्णालयातून परत मिळालेली तिची पिशवी माळ्यावर तशीच बांधलेली आहे. आणि आता मुलगी म्हणतेय, ‘पप्पा, आई गेली तेव्हा नक्की काय झालं ते मला सगळं सांगा. मी आता लहान नाही.’ थोरला भाऊ म्हणतो, जुनं उकरून काढू नको. मेव्हणा म्हणतो, पाच वर्षं झाली, आता बास. वाचक विचारतात: मुलीला सांगू का? मीच घरात कोरोना आणला, मीच तिला मारलं, हे कसं सांगू? माझ्यात काही बिघाड झालाय का? डॉक्टरकडे गेलो आणि कंपनीत कळलं तर? शेवटी एक ओळ आहे: ‘पोरं नसती तर माझंही काही खरं नव्हतं.’

दादा,

ही शेवटची ओळ आधी घेते. आपल्याकडे असं कुणी बोललं की ऐकणारा ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणतो आणि विषय बदलतो. मी तुम्हाला सरळ विचारते. जीव द्यावा, किंवा रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये, असं मनात येतं का? येत असेल, तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ या नंबरवर फोन करा. ही मानसिक आधाराची टेलिमानस सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पहाटे तीनला जाग आली तर तेव्हाही फोन लावता येतो. शिवाय घरातल्या एका मोठ्या माणसाला, भावाला म्हणा, हे सांगून ठेवा. इतर वाचकांनाही सांगते, तुमच्या भावकीत, गल्लीत, कामावर कुणी असं बोललं तर थेट विचारा. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असलेला विचार बोलून दाखवायला मात्र जागा मिळते.

आता ‘मीच आणला’ याकडे येते.

ताप आधी तुम्हाला आला, म्हणून विषाणू तुम्ही आणला, असं तुम्ही धरून चाललाय. कोरोनात हा हिशोब लागतच नाही. लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. काहींना लक्षणं येतच नाहीत. लागण झाल्यापासून ताप यायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला चौदा. त्यामुळे एका घरात आधी कोण तापलं यावरून आधी कुणाला लागण झाली हे कुणालाच सांगता येत नाही. त्या मे महिन्यात कोल्हापुरात गल्लोगल्ली पेशंट होते. दूध, भाजी, औषधं यासाठी घराचं दार रोज उघडत होतं. आणि तुम्ही कामावर जात होता ते घर चालावं म्हणून जात होता.

त्या लाटेत पसरलेल्या विषाणूला ‘डेल्टा’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने दिलं ३१ मे २०२१ रोजी. तुमची पत्नी त्याच्या आठवडाभर आधी गेली. ज्याला अजून नावही पडलं नव्हतं, त्याच्याशी कसं वागायला हवं होतं हे तुम्ही आज, पाच वर्षांत जमलेल्या माहितीच्या बळावर ठरवताय. तिला लस दिली नाही म्हणूनही तुम्ही स्वतःला बोल लावलाय. ती ३९ वर्षांची होती. ४५ वर्षांखालच्यांसाठी लस खुली झाली १ मे २०२१ ला, आणि साठा नाही म्हणून आपल्या राज्याला मेच्या दुसऱ्याच आठवड्यात ती थांबवावी लागली. सहाव्या इंजेक्शनबद्दल तर तुम्ही अर्धं पान लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने ३० देशांत घेतलेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आले होते. रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू रेमडेसिव्हिरने फारसे कमी झाल्याचं त्यात दिसलं नव्हतं. व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांना तर त्याचा उपयोग पुढेही दिसला नाही. तरीही त्या दिवसांत अख्खा महाराष्ट्र त्या बाटलीमागे धावला, कारण डॉक्टर चिठ्ठी लिहून देत होते आणि नातेवाइकांच्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं. तुम्ही पाच मिळवलीत. सहावं मिळालं असतं म्हणून ती वाचली असती, याला आधार नाही.

हे सगळं वाचून तुमचा अपराधीपणा उद्या निघून जाईल असं मला वाटत नाही. तो माहितीच्या कमतरतेतून आलेला नाही. ‘मी चुकलो’ असं म्हटलं की निदान त्या घटनेला कारण मिळतं. मी वेगळं वागलो असतो तर ती वाचली असती, अशी एक वाट मनात उघडी राहते. कुणाचीच चूक नव्हती, चांगल्या चालत्या घरातली बाई दहा दिवसांत अशीच गेली, हे मान्य करायचं म्हटलं की पायाखाली काही उरत नाही. म्हणून कितीतरी माणसं दोष अंगावर घेणं पत्करतात. गेली काही वर्षं मला अशी पत्रं येतात. त्यांत मुलं असतात, सुना असतात, भाऊ असतात. पत्नीच्या मागे राहिलेले पुरुष मात्र फार कमी लिहितात. तुम्ही लिहिलंत, हे मोठं काम केलंत.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला एक गोष्ट खटकली. तिच्या ऑक्सिजनची पातळी कोणत्या दिवशी किती होती ते मला तुमच्याकडून कळलं. इंजेक्शनच्या तारखा कळल्या. कुठल्या हॉस्पिटलला किती वाजता फोन लावला तेही कळलं. ती कशी होती, हे मात्र चार पानांत कुठेच नाही. ती मोठ्याने हसायची का, तुमच्यावर कशावरून चिडायची, रविवारी पांढरा रस्सा तिच्या हातचा की आईच्या हातचा, तिचं माहेर कुठलं, तुम्ही दोघं शेवटचं कुठे फिरायला गेला होता, काहीच नाही. पाच वर्षं तुम्ही स्वतःवर खटला चालवताय. फिर्यादी तुम्ही, आरोपी तुम्ही, न्यायाधीशही तुम्हीच. अशा खटल्यात गेलेलं माणूस फक्त पुरावा होऊन बसतं. तिच्यासाठी रडायला तुम्हाला सवड मिळालेलीच नाही. आणि कधी मिळणार होती? मेमध्ये ती गेली, जुलैत घरातला चिखल काढलात, पुढे शाळा, हप्ते, आईचं औषधपाणी.

आपल्याकडे एरवी कुणी गेलं की काय होतं ते आठवा. घरात चूल पेटत नाही, भावकीतून कडू घास येतो. रक्षाविसर्जनाला गल्ली जमते. पुढचे दहा-बारा दिवस माणसं येत राहतात, खाली सतरंजीवर बसतात आणि प्रत्येक जण तेच विचारतो, ‘कसं झालं हो?’ घरातलं कुणीतरी पहिल्यापासून सांगतं. मग दुसरा येतो, पुन्हा पहिल्यापासून. सांगणाऱ्याला वीट येतो, पण सांगता सांगता ते झालेलं हळूहळू खरं वाटू लागतं. तुमच्या घरी यातलं काही झालं नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि तुम्ही तर खोलीबाहेरही पडू शकत नव्हता. दारातून कुणी आत आलं नाही. ‘कसं झालं?’ हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारलाच नाही. पाच वर्षांनी तो पहिल्यांदा विचारणारं माणूस म्हणजे तुमची लेक आहे.

म्हणून माझं उत्तर: सांगा.

‘सगळं उकरून काय मिळणार’ या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. मुलीची बारावी आहे. ती हलून जाईल. तुम्हीही हलाल. काही घरांत न बोलण्यानेच माणसं कशीबशी उभी राहतात, हे मी पाहिलंय. पण तुमच्या घरात आता तो पर्याय उरलेला नाही, कारण मुलीने विचारलंय. तुम्ही गप्प राहिलात तर ती त्याचाही काहीतरी अर्थ लावेल. आणि तो कोणता लावेल, याचीच मला काळजी वाटते.

ती बारीक कणकणीची ओळ पुन्हा वाचा. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. बारा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं, सगळं ऐकू येतं आणि तिला कुणी काही समजावून सांगत नाही. टीव्हीवर दिवसभर चालू होतं की मुलांना सौम्य होतो आणि मोठ्यांना त्यांच्याकडून लागतो. तिने दिवस मोजले नसतील कशावरून? आपल्याला आधी कणकण आली, मग पप्पांना ताप, मग आईला, असा हिशोब तिने पाच वर्षं उशीखाली ठेवला नसेल कशावरून? आई किंवा वडील गेल्यावर ‘माझ्यामुळे झालं’ असं लहान मुलं फार वेळा धरून बसतात, आणि ते कुणाला सांगत नाहीत. कदाचित तिच्या मनात असं काही नसेलही. पण त्या आठवड्याचा तपशील तिला का हवाय, याचं हे एक कारण असू शकतं. ते गृहीत धरूनच तुम्ही तिच्यासमोर बसा.

आता बघा. तुम्ही तिला म्हणालात, ‘बाळा, ताप मला आधी आला, म्हणजे मीच आणला,’ तर तुम्ही तिला कोणता नियम शिकवलात? ज्याला आधी आलं, तो दोषी. आणि तिची कणकण तर तुमच्या तापाच्याही आधीची असेल. स्वतःला दिलेली शिक्षा तुम्ही नकळत तिच्या पदरात टाकाल. उलट ‘तुझी काही चूक नाही, चूक माझी आहे’ असं म्हणालात तरी तिचं समाधान होणार नाही. वडील आपल्याला वाचवायला ओझं स्वतःवर घेताहेत, हे सतरा वर्षांच्या मुलीला कळतं. तिला मोकळं करायचं असेल तर तोच नियम तुम्हाला स्वतःलाही लावावा लागेल. ‘ताप कुणाला आधी आला यावरून कुणी आणला हे कळत नाही. तुझी कणकण असो, माझा ताप असो. हे कुणी केलेलं नाही.’ हे वाक्य तिच्याकडे बघून, शब्दाला शब्द, बोला. तुमचा स्वतःचा त्यावर अजून पूर्ण विश्वास बसला नसेल तरी बोला, कारण ते खरं आहे.

कसं सांगायचं, हेही विचारलंय तुम्ही. रात्री नको आणि पेग घेतल्यावर तर अजिबात नको. सकाळची वेळ घ्या. घरात आजी आणि धाकटा असतील तर दोघंच रंकाळ्यावर चालायला जा. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना अशी बोलणी सोपी जातात, गप्प राहायलाही अवघड वाटत नाही. सुरुवात तुम्ही करू नका. आधी विचारा, ‘तुला त्या दिवसांतलं काय काय आठवतं?’ तिला जे आठवतं त्यातून कुठे काय अडकलंय ते तुम्हाला कळेल. मग विचारा, ‘तुला काय जाणून घ्यायचंय?’ आणि तेवढंच सांगा, पण खरं सांगा. अक्षय तृतीयेला काय झालं, ती गाडीत कशी बसली, फोनवर शेवटचं काय बोलणं झालं. तुम्हाला भीती वाटत होती, हेही सांगा. ज्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणा. ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात’, ‘तिचं आयुष्यच तेवढं’ असली वाक्यं टाळा, त्यांनी मुलांचे प्रश्न बंद होतात. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. बाप रडला तर पोरगी घाबरेल, असं आपल्याकडच्या गड्यांना वाटतं. जो बाप कधीच रडत नाही आणि मध्यरात्री येऊन बोटाला मशीन लावतो, त्याच्याकडे बघून ती जास्त घाबरत असेल.

बारावीचं म्हणाल तर पहिलं बोलणं पुढे ढकलू नका. ते अर्ध्या तासाचं असलं तरी चालेल. पिशवी मात्र परीक्षा संपल्यावर उघडा. त्यात फोन आहे, कपडे आहेत, फाईल आहे असं तुम्ही म्हणता. ती आधी तुम्ही भावाबरोबर बसून उघडा. रुग्णालयाची फाईल वेगळी ठेवा. ती मुलीने एकटीने इंटरनेटवर शब्द शोधत वाचावी अशी वस्तू नाही. तिला वाचायचीच असेल तर तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना अर्धा तास मागा आणि तिघं मिळून वाचा. फोन दुरुस्तीच्या दुकानात देऊन त्यातले फोटो आणि आवाज आधी काढून घ्या. धाकट्याला तर आईचा आवाज आठवतही नसेल. त्याला मृत्यूची हकिकत आत्ता नको आहे. त्याला ती कशी बोलायची, कशावरून ओरडायची, त्याला काय म्हणून हाक मारायची, हे हवंय. ते रोज जेवताना थोडं थोडं सांगता येईल, आणि त्यानिमित्ताने तुमच्या मनातही ती पुन्हा माणूस म्हणून येईल.

विधी राहून गेले, याची खंत तुमच्या पत्रात जागोजागी आहे. मृतदेहाला हात न लावता दर्शन घेता येतं आणि राखेपासून धोका नसतो, हे केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांतच होतं. तरी त्या गोंधळात पुष्कळ घरांना तोंडही पाहायला मिळालं नाही, आणि त्याचं दुःख खरं आहे. ते आज भरून काढता येत नाही. पण तिच्यासाठी काही करायची मुदत संपलेली नाही. वैशाखातली तिची तिथी यंदा घरच्या माणसांत नीट करा, मुलांच्या हातून करा. आणखी एक सुचवते. आपल्या गावात होळीच्या सुमारास पेठापेठांतून पंचगंगा स्मशानभूमीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, दिल्या जातात, एरवीही लोक देतात. तिच्या नावाने शेणी द्या, आणि त्या द्यायला तुम्ही, भाऊ आणि मुलगी स्वतः जा. ज्या माणसांनी त्या मे महिन्यात दिवसरात्र तिथे काम केलं, तुमच्या जागी उभं राहून अग्नी दिला, त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर हात जोडा, दोन शब्द बोला. तिथवर पाय नेणं अवघड आहे. जमलं नाही तर पहिल्या वेळी फाटकापर्यंत जाऊन परत या.

‘माझ्यात बिघाड झालाय का?’ पत्रावरून निदान करायचं नसतं, ते मी करणार नाही. पण पाच वर्षांनीही रोजची रात्र अशी जात असेल, रस्ते बदलावे लागत असतील, सायरन ऐकून हात थरथरत असतील, तर तज्ज्ञाकडे जायला हवं, हे नक्की. दुःख फार काळ तितकंच तीव्र राहिलं आणि जगणं अडवू लागलं, तर त्याला आता वैद्यकशास्त्रात वेगळी जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, दीर्घकाळ रेंगाळलेलं शोकदुःख हा स्वतंत्र आजार म्हणून आला आहे. मृत्यूनंतर किमान सहा महिने उलटलेले असावेत आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा ते स्पष्टपणे जास्त असावं, अशी त्यात अट आहे. त्यावर बोलण्याची ठरावीक उपचारपद्धती आहे, साधारण सोळा बैठकांची. झालेलं पहिल्यापासून सांगणं, टाळलेल्या जागी हळूहळू परत जाणं, गेलेल्या माणसाच्या चांगल्या आठवणी पुन्हा जवळ करणं, हे त्यात असतं. म्हणजे आपल्या दुखवट्यात जे व्हायचं, त्यातलं बरंचसं. त्याबरोबर नैराश्य किंवा आघातानंतरचा ताण असेल तर डॉक्टर औषधही देतील. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. खासगी डॉक्टर परवडत असतील तर तिकडे जा. कंपनीचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे. रजेच्या अर्जात ‘तब्येतीचं कारण’ एवढं लिहिलं तरी पुरे.

दोन पेगबद्दल एवढंच सांगते. दारूने झोप पटकन लागते, पण तिचा अंमल उतरला की रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. तुमची दोन-तीनची जाग काही अंशी त्यातूनही येत असेल. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. रोज जास्त प्रमाणात घेत असाल तर अचानक बंद करू नका, त्यांना विचारून कमी करा.

ऑक्सिमीटर टाकून द्या असं मी म्हणणार नाही. तो तुम्हाला धीर देतो, पण वाचलेला आकडा दहा मिनिटांत जुना होतो आणि पुन्हा लावावासा वाटतो. मुलांशी बोलून ठरवा: मशीन स्वयंपाकघरातल्या औषधांच्या डब्यात राहील आणि कुणाला ताप-खोकला असेल तरच बाहेर येईल. रात्री जाग आली तर मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत जा, बघा आणि परत फिरा. सुरुवातीचे काही दिवस छाती धडधडेल, ती थोड्या वेळाने आपोआप उतरते.

मेव्हण्याला उत्तर द्यायची गरज नाही. त्याचीही बहीण गेली आहे. ‘आता बास’ हे तो तुमच्याबरोबर स्वतःलाही सांगत असेल. शोकावर काम करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये असं मांडलं की सावरणारा माणूस सरळ रेषेत पुढे जात नाही. तो गेलेल्या माणसाकडे आणि पुढच्या जगण्याकडे आलटून पालटून येत-जात राहतो, आणि दोन्हीकडे जाता येणं गरजेचं असतं. तुम्ही दिवसभर फक्त कामाकडे आणि रात्रभर फक्त त्या दहा दिवसांकडे असता. आईशीही एकदा बोला. पंच्याहत्तरीतली बाई वाचली आणि ३९ वर्षांची सून गेली, हे तिच्या मनाला किती लागलं असेल, हे तिला कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात दिसलं नाही.

आणि थोरला भाऊ. ‘उकरून काढू नको’ म्हणणारा हा माणूस त्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर एकटा उभा होता. तुमच्या घरातला तो एकमेव साक्षीदार आहे. त्याने काय पाहिलं, किती वेळ थांबला, रक्षा कशी नेली, हे पाच वर्षांत तुम्ही त्याला विचारलेलं नाही, आणि त्याने सांगितलेलं नाही. मुलगी त्या दिवसाचं विचारेल तेव्हा तुमच्याकडे सांगायला काहीच नसेल, कारण तुम्ही तिथे नव्हता. तेव्हा या रविवारी आधी त्याच्याकडे जा आणि ‘मला त्या दिवसाचं सांग’ म्हणा. तो टाळेल, ‘कशाला आता’ म्हणेल. थोडा वेळ बसून राहा. मुलीबरोबर रंकाळ्यावर जायचं ते पुढच्या रविवारी.